बहिऱ्या नार्दूची शिकारी कुत्री

बायको गेल्यावर नार्दूनं कुत्रा पाळायचं ठरवलं, आणि त्याच्या मुलीनं, मार्तीजनं, त्याचा सगळा राग माझ्यावर काढला. शनिवारच्या बोटीनं ती माल्टाहून आमच्या गोझो बेटावर आली होती. बापाच्या घरी जायच्या आधी ती तडक माझ्या बेकरीत शिरली.

"चेत्तामावशी, हे खूळ तूच घातलंस ना त्याच्या डोक्यात?"

"मी? अगं, मी त्याला पाव विकते. खूळ त्याच्याकडे घरचंच आहे."

"मग समजव ना त्याला. कुत्राच हवा असेल तर छोटासा घे म्हणावं, मांडीवर बसणारा."

"ते सांगून झालं. मांडीवर बसायला मांजर काय वाईट आहे, म्हणतो. त्याला सशाच्या शिकारीचा कुत्राच पाहिजे."

मार्तीज पिठाच्या पोत्यावर बसली आणि रडायला लागली. तिचं रडणं कुत्र्यासाठी नव्हतं, हे मला कळत होतं. माल्टात स्लीमाला ती पोरांसोबत राहायची, त्या फ्लॅटमध्ये एक खोली तिनं बापासाठी रंगवून ठेवली होती. कुत्रा आला म्हणजे तो गोझो सोडून येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो एरवीही आला नसता, पण ते तिला कोण सांगणार?

नार्दू माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या अंगणात एकच भिंत. जन्मभर त्यानं गावच्या जत्रेचं दारूकाम केलं. आकाशात फुटणारे ते सलामीचे गोळे, ज्यांनी खिडक्यांची तावदानं थरथरतात, ते तो बनवायचा. आसपासच्या गावांत त्याच्यासारखा आवाज कुणाच्या गोळ्याला नव्हता. त्याच आवाजानं हळूहळू त्याचे कान नेले. आधी पाखरं गेली, मग चर्चची लहान घंटा, मग माणसं. बायको होती तोवर ती त्याच्या समोर उभी राहून सावकाश बोलायची आणि ओठांवरून त्याला कळायचं. ती गेल्यावर त्यानं गावकरी जमतात त्या बँडच्या क्लबात जाणंच सोडलं.

"का रे जात नाहीस?" असं मी त्याला एकदा विचारलं होतं.

"सगळे ओरडून बोलतात," तो म्हणाला. "ओरडताना माणसाचं तोंड रागावल्यासारखं दिसतं, चेत्ता. तासभर बसलं की वाटतं, अख्खं गाव माझ्यावर चिडलंय."

हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की समोरच्या गल्लीत कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली.

शेवटी मीच नार्दू आणि मार्तीजला पावाच्या गाडीत घालून स्तिएनाकडे नेलं. गावाखालच्या घळीत स्तिएनाच्या शेळ्या आणि तिची कुत्री असतात. तिच्या वडिलांपासून ती कुत्री त्या घरात आहेत. तांबूस रंग, मधासारखे डोळे, उभे मोठे कान, आणि पाय असे की जमीन फक्त अधूनमधून टेकायला लागते. शिकारी लोक तिच्या पिल्लांसाठी वर्षभर आधी शब्द टाकून ठेवतात. पण स्तिएना कुणालाही कुत्रं देत नाही. आधी ती माणसाला उन्हात उभं करते आणि उलटतपासणी घेते.

"अंगणाची भिंत केवढी?" तिनं नार्दूच्या समोर येऊन, ओठ नीट हलवत विचारलं.

नार्दूनं हात डोक्याच्या वर धरला.

"कमी आहे. उभ्या उभ्या उडी मारेल. वर जाळी लाव. कोंबड्या आहेत का?"

"मला नाहीत. हिला आहेत." त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"मग होत्या असं समज," स्तिएना मला म्हणाली. तेव्हा मी हसले.

"हे बघ नार्दू," ती पुढे म्हणाली, "हा कुत्रा म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. सकाळ-संध्याकाळ पळवायला पाहिजे, तेसुद्धा दोरी लावून. दोरी सोडलीस आणि ससा दिसला, की तू त्याचा कुणी नाहीस. कितीही बोलाव, येणार नाही. अंगावर केस म्हणशील तर नसल्यासारखेच. थंडीत आपल्या दगडी घरात कुडकुडतो, त्याला अंथरुणात घ्यावं लागतं. आणि ओरडलेलं अजिबात चालत नाही. एकदा खेकसलास तर दोन दिवस तोंड फिरवून बसेल."

"माझ्या वडिलांकडे होते. मला माहीत आहे."

"वडिलांना ऐकू येत होतं!" स्तिएना म्हणाली. "ससा शेताच्या दगडी गडग्यात शिरला की हा कुत्रा तिथे उभा राहून भुंकतो. आपण त्या भुंकण्यावर जायचं. सापडतो तो असा. तुझा पळाला तर तू काय करशील? आणि दुसरं. ही कुत्री चांगली चौदा-पंधरा वर्षं जगतात. तू जगशील का?"

मार्तीजचा चेहरा उतरला. नार्दू मात्र हसला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याच्याशी कीव न करता बोललं होतं.

"मी नाही जगलो तर हिच्याकडे जाईल," तो म्हणाला आणि त्यानं मुलीकडे पाहिलं.

"पा, मी तिसऱ्या मजल्यावर राहते!"

"मी तुला हो म्हण असं म्हणत नाही. विचारतोय."

मार्तीज शेळ्यांकडे वळली. मग खांदे उडवून म्हणाली, "बरं. बघू तेव्हाचं तेव्हा."

"बघू नको. हो की नाही?" स्तिएना म्हणाली.

"हो! हो म्हटलं ना!"

तेव्हा कुठे स्तिएना आत गेली आणि एका दोन वर्षांच्या कुत्रीला घेऊन आली. नाव हमरा, म्हणजे लाल. अंगानं देखणी, पण शिकाऱ्यांनी दोनदा परत आणून टाकलेली. बंदूक वाजली की ती थरथरत जमिनीला चिकटायची.

"हिला मोठा आवाज सोसत नाही," स्तिएना म्हणाली. "आणि तू गावातला सगळ्यात मोठा आवाज करणारा माणूस."

"करत होतो," नार्दू म्हणाला.

पहिल्याच आठवड्यात हमरानं भिंतीवरून उडी मारून माझी काळी कोंबडी मारली. जाळी लावल्यावर जाळीच्या कोपऱ्यातून येऊन दुसरी मारली. माझा नवरा पिनू म्हणाला, "आता तिसरी आपणच खाऊ, निदान रस्सा तरी होईल." मी मात्र तणतणत नार्दूच्या दारात गेले, कोंबडीचे पाय हातात धरून.

नार्दू झोपायच्या खोलीत जमिनीवर बसला होता आणि हमरा पलंगाखाली, भिंतीकडे तोंड करून.

"सकाळपासून खाल्लं नाही तिनं," तो म्हणाला. "मी काहीसुद्धा केलं नाही, चेत्ता. कोंबडी धरल्यावर नुसतं 'नाही' म्हटलं."

त्याचं ते 'नाही' माझ्या अंगणात, माझ्या घरात आणि बहुतेक चर्चमध्येही ऐकू गेलं होतं.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी कोंबडी खाली ठेवली, त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "नार्दू, तू फार मोठ्यानं बोलतोस रे."

"किती मोठ्यानं?"

"फार. नेहमीच."

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला, आणि तेही मोठ्यानंच. मग त्यानं आपला तळहात छातीवर ठेवला, आवाज छातीत किती घुमतो ते चाचपलं, आणि पुन्हा पुन्हा कमी करत गेला. "एवढा? अजून कमी? एवढा?" मी मान हलवत राहिले. शेवटी पलंगाखालून दोन लांब कान बाहेर आले.

त्या दिवसापासून तो हमराशी हातानं बोलायला लागला. तळहात पुढे केला की थांब. दोन्ही हात मांड्यांवर ठेवले की ये. बोलायचाच झाला तर छातीवर हात ठेवून, पुटपुटल्यासारखं. आणि ती त्याचं ऐकायची. सगळं नाही, पण मार्तीज लहानपणी ऐकायची त्यापेक्षा जास्त, असं तो म्हणायचा. तिच्या जातीच्या कुत्र्यांना आनंद झाला की नाकाचा शेंडा आणि कान आतून गुलाबी होतात. नार्दूनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हाक मारून अंगणात बोलावलं.

"बघ, बघ, लाजतेय! हिला भुंकून सांगायची गरजच नाही. मला दिसतं."

हिवाळाभर दोघं पहाटे कड्यापर्यंत फिरून यायचे. परतताना बेकरीत थांबायचे. गिऱ्हाइकं हमराला गोंजारायची आणि त्या निमित्तानं नार्दूशी दोन शब्द बोलायची. क्लबात मात्र तो गेला नाही.

मग संत आन्नाची जत्रा आली.

जत्रेच्या पहिल्या सकाळी आठ वाजता सलामी होते. गावातल्या प्रत्येक माणसाला ते ठाऊक असतं, कुत्र्यामांजरांनासुद्धा. ते विसरला फक्त नार्दू. ज्यानं उभा जन्म ते गोळे बनवले, त्याच्या लेखी ते आता वाजतच नव्हते. तो रस्त्याकडचं दार उघडं टाकून शिडीवर चढून सज्जाला झेंडा बांधत होता आणि हमरा उंबऱ्यात बसली होती. पहिला गोळा फुटला. ती शिडीखालून सुटली ती गल्ली ओलांडून दिसेनाशीच झाली. त्याला वाटलं मांजरामागे गेली. मग त्यानं वर पाहिलं. निळ्या आभाळात पांढऱ्या धुराचे गोळे एकामागून एक उमटत होते.

तो शिडीवरून कसा उतरला देव जाणे. "चेत्ता! माझीच चूक, चेत्ता!" छातीवर हात ठेवायचं त्याला भान नव्हतं.

दिवसभर शोधलं. पिनूनं भट्टी सांभाळली आणि मी गाडी काढली. गडग्यांच्या वाटा, निवडुंगाची बनं, खाडीकडचा उतार, सगळं पालथं घातलं. दुपारी घळीतून स्तिएना आली. तिनं नार्दूला एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं असावं.

"घाबरलेली आहे तोवर ती हूं की चूं करणार नाही," ती म्हणाली. "कुठेतरी दडून बसली असेल. आवाज थांबले की तासाभरात तिला धीर येईल, आणि धीर आला की ती सशामागे लागेल. मग भुंकेल. पण हे लोक थांबतील तर ना! दर थोड्या वेळानं उडवतातच आहेत. रात्री घाबरून कड्यावर गेली तर..."

आमच्याकडचा कडा म्हणजे खाली थेट समुद्र.

संध्याकाळची मोठी सलामी व्हायची होती. नार्दूनं टोपी काढून खिशात कोंबली आणि चौकाकडे चालायला लागला. मी मागोमाग. तो क्लबाच्या पायऱ्या चढला तेव्हा आतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. जिल्यान तिथेच होता. पूर्वी नार्दूच्या हाताखाली काम शिकलेला, आता दारूकामाचा प्रमुख.

"काका!" तो ओरडला, नेहमीसारखा. "कसे आहात?"

नार्दूनं तळहात पुढे केला. मग तोच हात छातीवर ठेवला आणि इतक्या हळू बोलला की सगळ्यांना खुर्च्या पुढे ओढाव्या लागल्या.

"जिल्यान, माझी कुत्री हरवली आहे. ती भुंकली तर सापडेल. पण गोळे फुटत राहिले तर ती भुंकणार नाही. आणि भुंकली तरी मला ऐकू येणार नाही. मला तुमचे कान पाहिजेत. थोडा वेळ."

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे कुत्रीसाठी संत आन्नाला थांबवायचं की काय?"

"संत आन्ना कुठे निघाली आहे गाडी पकडायला?" मी म्हटलं.

हशा झाला. पण जिल्यान हसला नाही. तो नार्दूकडे बघत होता. त्यानं त्याला असं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला वाटतं आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं.

"सलामी आपली आहे," जिल्यान शेवटी म्हणाला. "आपण म्हणू तेव्हा होईल. फादरना मी सांगतो. आणि त्या ट्रॉम्बोनवाल्याला कुणीतरी गप्प करा!"

गावच्या जत्रेत अशी शांतता मी कधी पाहिली नव्हती. बँड थांबला. नुगा मिठाईच्या गाडीवाल्यानं आपला रेडिओ बंद केला. क्लबातले अर्धे लोक हातात ग्लास घेऊनच गावाच्या टोकाला आले, जिथे घरं संपतात आणि शेतं सुरू होतात. तिथे आम्ही गडग्याला टेकून उभे राहिलो. ऊन कलतं झालं होतं. एखादं पोर बोललं की आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची.

बराच वेळ काहीच नाही. वारा, आणि कुणाच्या तरी शेतात पाण्याचा पंप. तोही पळत जाऊन कुणी बंद केला.

नार्दू आमच्याकडे तोंड आणि शेतांकडे पाठ करून उभा होता. आधी मला कळेना, हा उलटा का उभा आहे. मग कळलं. शेतांकडे बघून त्याला काही मिळणार नव्हतं. तो आमचे चेहरे वाचत होता. एकेक करून, पुन्हा पुन्हा, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आणि मग ते आलं. लांबून, बारीक, चिरकं, एकसारखं भुंकणं. सगळी डोकी एकदम डावीकडे वळली. स्तिएनानं डोळे मिटून घेतले आणि तिच्या ओठांवर हसू आलं. नार्दूला ऐकू काहीच आलं नव्हतं, पण त्या क्षणी त्याचा चेहरा ज्यानं पाहिला असेल तो म्हणेल, या माणसाला ऐकू आलं.

"कड्याकडचा पडका गोठा," स्तिएना बोट दाखवून म्हणाली. "त्याच्या मागचा गडगा. ससा आहे आत."

आम्ही निघालो, आणि तो गडगा नजरेत आला तशी तिनं सगळ्यांना मागे थांबवलं. "घोळका बघून पुन्हा पळेल. नार्दू, तू जा."

नार्दू एकटाच पुढे गेला. गोठ्यामागे हमरा गडग्याच्या भोकात नाक खुपसून भुंकत होती, शेपूट चाबकासारखी. तिच्या पलीकडे चार ढांगांवर कडा. तिला पकडायला धावून चालणार नव्हतं. आणि हाक मारून, स्तिएनाच म्हणाली होती तसं, ती येणार नव्हती. नार्दू तिच्या नजरेच्या टप्प्यात गेला आणि जमिनीवर बसला. दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. आणि नुसता बसून राहिला.

तिनं एकदा बघितलं. पुन्हा भोकात नाक घातलं. पुन्हा बघितलं. ससा आणि नार्दू यांच्यात तिची किती ओढाताण झाली ते आम्हाला लांबूनही दिसत होतं. जिल्यान माझ्या कानाशी पुटपुटला, "मावशी, ससा जिंकणार." मी त्याला कोपर मारलं.

मग ती भोकापासून मागे सरली आणि त्याच्याकडे गेली. धावत वगैरे नाही. नाइलाजानं, मध्येच मागे वळून बघत, पण गेली. नार्दूनं तिच्या गळ्यात दोरी घातली, आणि मगच तिच्या मानेत तोंड लपवून बराच वेळ बसला. आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो.

स्तिएनानं हमराला तिथूनच तडक आपल्या घळीत नेलं, गावापासून लांब, जाड भिंतींच्या गोठ्यात, आणि जत्रा संपेपर्यंत तिथेच ठेवलं. सलामी त्या दिवशी दिवे लागल्यावर झाली. नार्दू जिल्यानच्या शेजारी उभा राहून आभाळातले रंग बघत होता. नंतर क्लबात त्याला जबरदस्तीनं बसवलं गेलं. सगळे हळू बोलत होते आणि समोर येऊन बोलत होते. एकदा जमल्यावर ते फारसं अवघड नव्हतं.

पुढच्या वर्षी जत्रा जवळ आली तेव्हा नार्दू स्वतःहून म्हणाला, "मी मार्तीजकडे जातो. आठवडाभर. हमराला घेऊन." गोझोचा दारूकामवाला जत्रेच्या आठवड्यात गाव सोडून माल्टाला चालला, हे ऐकून पिनूनं कणीक मळता मळता हात थांबवले. मी त्यांना बोटीपर्यंत सोडलं. हमरा धक्क्यावरच्या प्रत्येक मांजराकडे अशी बघत होती की मी दोरीला दोन गाठी मारल्या.

दुसऱ्या दिवशी मार्तीजचा फोन आला.

"चेत्तामावशी, तिनं सोफ्यावर ताबा मिळवलाय. आणि शेजारणीच्या गॅलरीत उडी मारली. तिसऱ्या मजल्यावरून!"

"लागलं नाही ना तिला?"

"तिला काय लागतंय! शेजारणीच्या पोपटाला मात्र धक्का बसलाय. आणि ऐक ना, एसीमुळे ती कुडकुडते. काल रात्री माझ्या पांघरुणात येऊन झोपली. चालतं ना तसं?"

"चालतं," मी म्हटलं. "नार्दू काय करतोय?"

"माझ्या पोरांना हातानं बोलायला शिकवतोय. घरात इतकी शांतता आहे की मी दोनदा बघून आले, सगळे ठीक आहेत ना म्हणून." मग ती म्हणाली, "मावशी, ती खाते काय काय ते नीट सांग मला. मी लिहून घेते. पुढे लागेल मला."